सातवीच्या मुलांना सिंहगडावर नेताय ना? मग हे वाचा

पहिल्याच सहलीत सगळा गड दाखवायचा हट्ट धरू नका. एक-दोन जागा निवडा आणि तिथे निवांत बसा. मी देवटाक्यापासून, म्हणजे गडावरच्या पाण्याच्या टाक्यापासून, सुरुवात करते. पाच-पाच जणांचे गट करून पावलांनी टाक्याची लांबी-रुंदी मोजायला लावते (कठड्यापासून लांब राहूनच, खोली मोजायचा नाद नको). मग विचारते, इतक्या उंचावर पाणी टिकतं कसं? उत्तर लगेच सांगू नका. मुलं कातळ, भेगा, उतार, पाऊस यांवरून आपसात वाद घालतात, तो वाद होऊ द्या. हा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, हे त्यानंतर सांगितलं की त्यांचे डोळे विस्फारतात!

दिशा शोधायला सपाट जागी मीटरभर काठी रोवा. सावलीच्या टोकाला खडा ठेवा, 20 मिनिटांनी नव्या टोकाला दुसरा. पहिला खडा पश्चिमेला, दुसरा पूर्वेला. होकायंत्र नंतरच बाहेर काढा.

आग्या मोहोळाची धास्ती खरी आहे. एका वर्षी आमच्यातल्या मुलाने पोळ्याकडे दगड भिरकावला आणि चौघांना माश्या डसल्या. तेव्हापासून निघण्याआधीच बजावते: सेंट नाही, दगड नाही, आरडाओरडा नाही. कोणाला ॲलर्जी आहे ते पालकांकडून लेखी घ्या. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी हवं, आणि उतरताना पुणे दरवाजापाशी मुलांची पुन्हा मोजणी करा.