भिशी, उचल आणि पत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे घरकाम करणाऱ्या मावशी दरमहा 500 रुपये भिशीत भरतात. त्यावर व्याज मिळत नाही, तरी त्या बँकेत आवर्ती ठेव काढायला तयार नाहीत. त्यांना कसे समजवावे?

उत्तर : समजावण्याआधी त्यांचा हिशेब ऐकून घ्यावा. बारा जणींनी 500 रुपये भरले की दर महिन्याला एकीच्या हाती 6,000 रुपये पडतात. जिचा नंबर पहिला, तिला ते बिनव्याजी कर्ज ठरते. जिचा शेवटचा, तिची ती बचत होते. आणि मुलीची फी किंवा दवाखाना अचानक निघाला तर बायका आपसांत नंबर बदलून घेतात. बँकेचा हप्ता चुकला तर किरकोळ दंड बसतो, पण भिशीचा चुकला तर अकरा जणींना तोंड दाखवता येत नाही, आणि घरातल्या कोणी मागितले तरी ‘ते पैसे माझे नाहीत, भिशीचे आहेत’ असे सांगण्याचे बळ त्यातूनच मिळते. ही निवड मला शहाणपणाची वाटते. धोकाही आहे : भिशी चालवणारी व्यक्ती पैसे घेऊन गेली तर हातात पावती नसते. म्हणून भिशी मोडायला सांगू नये; नंबर लागल्यावर मिळणारी रक्कम जनधन खात्यात ठेवण्याचे सुचवावे, कारण तेथे किमान शिलकीची अट नाही.

प्रश्न : हिशेब येत नसल्यामुळे गरीब माणूस कर्जात बुडतो, हे खरे ना?

उत्तर : माझ्या मते नाही. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत तिथल्या बायकांनी बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक निरक्षर असल्यामुळे रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. त्यावर ‘कोणत्याही मुद्दलाचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो’ असे त्यांनी अधिकाऱ्यांना सुनावले, आणि 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बीडच्या ऊसतोड जोडप्यालाही मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजेच उचल, टनामागचा दर आणि खाड्याची कपात तोंडपाठ असते. गावात पाणी आणि काम नसते म्हणून ते उचल घेते, आणि ती फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे काढावा लागतो. उणीव हिशेबाची नसून मिळकतीची आहे.

प्रश्न : मुलांना गरिबांसारखे थोडक्यात समाधान मानायला शिकवायचे आहे. काय करावे?

उत्तर : गरिबांना ते थोडके पुरत नाही, म्हणूनच ते भिशी लावतात आणि उचल घेतात; त्यांच्या ओढाताणीला समाधान म्हणणे मला अन्यायाचे वाटते. शिकण्यासारखी आहे ती घेतलेले परत करून पत राखण्याची त्यांची धडपड. मावशींचा पगार ठरल्या तारखेला मुलांच्या हातून द्यावा आणि आजारपणातल्या रजेचे पैसे कापू नयेत. भिशीच्या हप्त्याची तारीख त्या पगारावर अवलंबून असते, हेही मुलांना सांगावे.