जर्मनीत जुन्या व्हॅनमध्ये दोघांनी राहायचं असेल तर

विट्याहून तुमचा निरोप मिळाला. तुम्हाला श्टुटगार्टजवळ नोकरी लागली आहे, जानेवारीत निघायचं आहे, पत्नी चार महिन्यांनी येणार आहेत. तिथली घरभाडी ऐकून तुम्ही ठरवलंय की घर घ्यायचंच नाही, जुनी व्हॅन घ्यायची आणि पहिल्या महिन्यापासून तिच्यातच संसार मांडायचा. आम्ही दोघं सांगलीचे. २०१८ पासून इथे आहोत आणि २०२१ पासून १९८६ सालच्या मर्सिडीज २०७ डी मध्ये राहतो, म्हणून तुम्ही मला विचारलंत. सगळं सविस्तर लिहिते.

आधी उत्तर सांगते. व्हॅन जरूर घ्या, पण पहिल्या महिन्यापासून नको. प्रोबेशनचे सहा महिने भाड्याची एक खोली घ्या, कितीही लहान चालेल. कारण या देशात तुमची ओळख तुमच्या पत्त्यापासून सुरू होते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची असते. तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. करक्रमांक या नोंदीनंतर टपालाने येतो. बँक खातं, आरोग्यविमा, निवास परवाना, सगळीकडे हाच पत्ता विचारतात. गाडीसुद्धा पत्ता असल्याशिवाय तुमच्या नावावर होत नाही. रस्त्याकडेला उभी असलेली व्हॅन हा पत्ता धरत नाहीत. म्हणजे व्हॅनमध्ये राहायला आधी व्हॅन नावावर हवी, आणि व्हॅन नावावर व्हायला आधी घर हवं.

कुणी ओळखीचा म्हणेल, माझा पत्ता लाव, राहू नकोस. ते करू नका. न राहणाऱ्या माणसाला नोंदीसाठी पत्ता देणाऱ्याला कायद्याने ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, खोटी नोंद करणाऱ्यालाही वेगळा दंड आहे. तुमचा निवास परवाना नवा कोरा असताना हा डाग कशाला लावून घ्यायचा? आमची व्यवस्था अशी आहे: कासेल शहराजवळच्या एका गावात शेतावरच्या जुन्या घरातली एक खोली आम्ही भाड्याने घेतली आहे, महिना २९० युरो. करार आहे, मालकीणबाईंची सही आहे. न्हाणीघर, कपडे धुण्याचं मशीन आणि टपालाची पेटी आम्ही तिथलीच वापरतो, आणि कडाक्याच्या थंडीत आठ-आठ दिवस त्या खोलीत झोपतो. व्हॅन आठवडाभर त्याच अंगणात उभी असते. उन्हाळ्यात आम्ही एडरसे धरणाच्या काठी कॅम्पिंगवर जागा घेतो. काही कॅम्पिंगवाले बारमाही जागा देतात आणि काही ठिकाणी तिथला पत्ताही नोंदवू देतात, पण ते त्या त्या गावाच्या नियमांवर असतं. आधी लेखी विचारा.

तुमच्या विट्याचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, भारतभर गेले, पण पोरगं गेल्या-गेल्या स्वतःचं दुकान टाकत नाही. आधी गाववाल्याच्या दुकानात राहतं, गल्ली ओळखीची होते, मग भट्टी पेटते. तुमची खोली म्हणजे ते गाववाल्याचं दुकान समजा.

लायसन्सचं लगेच बघा. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, मराठी-हिंदीत नाही. पत्नीचंही लायसन्स करा. दोघांतल्या एकालाच गाडी चालवता येत असेल तर दुसरं माणूस त्या घरात पाहुणं होऊन राहतं. साध्या ब वर्गाच्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालते. जुन्या मोठ्या मर्सिडीज ५०८ वगैरे देखण्या असतात, पण त्यांतल्या बऱ्याचशा त्या वजनापुढच्या आहेत. कागदावरचं एकूण वजन वाचल्याशिवाय बयाणा देऊ नका.

आता गाडी. आपण मालवाहू गाडीला सरसकट टेम्पो म्हणतो, ते मुळात हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी सुरू केलेल्या बजाज टेम्पोने त्यांच्याशी करार करून तीनचाकी टेम्पो आपल्याकडे आणले, आणि पुढे मर्सिडीजच्या टी १ व्हॅनवरून ट्रॅव्हलर काढली. आमची २०७ डी त्याच टी १ घराण्यातली. सांगली स्टँडबाहेर लग्नाच्या वऱ्हाडाची वाट बघत उभी असलेली जुनी ट्रॅव्हलर डोळ्यांपुढे आणा, तेच तोंड. तिचं २.४ लिटरचं ओएम ६१६ डिझेल इंजिनही परवाना घेऊन आपल्याकडे बनत होतं. याचा उपयोग झाला. दुसऱ्या वर्षी इंजिन टकटक करायला लागलं. इथल्या एका गॅरेजने इंजिन उतरवावं लागेल असं सांगून छातीत धडकी भरेल असा आकडा दिला. ह्यांनी कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बोनेटजवळ धरला. ते अर्धा मिनिट काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थंड असताना टॅपेट चेक करा, गॅप वाढलाय. इंजिनला हात लावू नका." रविवारी अंगणात फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्या, घेऊन ह्यांनी एकेक टॅपेट सेट केला. टकटक गेली. अशा गाडीत साधेपणा हीच दौलत आहे, म्हणून मी आजही इलेक्ट्रॉनिक्स नसलेली जुनी डिझेलच घ्या म्हणेन. वेग मात्र विसरा. आम्ही ताशी ८० च्या वर जात नाही, चढाला ट्रकच्या मागे लागतो.

इंजिनापेक्षा पत्र्याला भ्या. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते खालून पत्रा खातं. आमची पहिली गाडी नवा रंग बघून घेतली, साडेसहा हजार युरोला. तीन महिन्यांनी तपासणीला नेली तर तपासनिसाने दाराखालच्या पट्टीत पेचकस टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली काहीच नाही. त्या गाडीचे आमचे पैसे बुडाले. म्हणून खिशात लोहचुंबक ठेवा. दाराच्या पट्ट्या, चाकांच्या कमानी, समोरच्या काचेची चौकट आणि पायदान, सगळीकडे लावून बघा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. दर दोन वर्षांनी होणारी मुख्य तपासणी, जिला सगळे ट्यूफ म्हणतात, ती नुकतीच पास झालेलीच गाडी बघा, आणि अहवालाचा कागद मागा.

३० वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला एच अक्षराची नंबरप्लेट मिळते. मग वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो, आणि शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रांत स्टिकरशिवाय जाता येतं. श्टुटगार्टमध्ये राहणाऱ्याला हे महत्त्वाचं, कारण एच नसलेल्या असल्या जुन्या डिझेल गाडीला तिथे आत प्रवेशच नाही. पण आतली मांडणीही त्या काळाला शोभणारी लागते, तेव्हा सगळं तोडून नवं करायच्या आधी तपासनिसाला विचारा. विम्यातली गोम अशी की जुन्या गाड्यांचा स्वस्त विमा बहुधा रोजच्या वापराला दुसरी गाडी असेल तरच देतात. आम्ही साध्या मोटरहोमचा विमा घेतला, आणि गाडीत राहतो हे लेखी कळवून घेतला. लपवून घेतलेला विमा ऐन वेळी उपयोगाला येत नाही.

रस्त्यावर झोपण्याचं विचारलंत. प्रवासात थकवा घालवायला एक रात्र, बंदीचा फलक नसेल तिथे, चालतं. खुर्च्या बाहेर मांडल्या, छत ओढलं, दुसरी-तिसरी रात्रही तिथेच काढली, की ते कॅम्पिंग धरतात. रोज ऑफिससमोर राहण्याचा बेत त्यात बसत नाही.

हिवाळ्याबद्दल मात्र नीट वाचा. पहिल्या जानेवारीत एका सकाळी मला उशीखाली ओलं लागलं. गादी उचलून उभी केली तर खालच्या प्लायवर काळ्या बुरशीचे ठिपके, तांदूळ सांडल्यासारखे दाट, आणि गादीचा खालचा कापड हाताला गार चिकट. सांगलीहून आणलेल्या हळदीची पिशवी कोपऱ्यात होती, तिचा दगड झाला होता. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, वर स्वयंपाकाची वाफ. ते पाणी थंड पत्र्यावर जाऊन बसतं. मला त्या दिवशी रडू आलं, कारण आम्ही खिडक्या घट्ट लावून, ऊब राखतोय या समजुतीने महिनाभर ते पाणी स्वतःच आत कोंडलं होतं. आता गादीखाली फळ्यांची जाळी आहे, हवा खेळते. छताची खिडकी उणे आठमध्येही दोन बोटं उघडी असते. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं दारं सताड उघडतो. डिझेलचा हीटर त्यानंतर लावतो.

गॅसची शेगडी ऊब म्हणून कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म झोपायच्या उंचीवर लावा. सिलिंडर प्रोपेनचाच घ्या, ५ किंवा ११ किलोचा करडा मिळतो. ब्यूटेन शून्याच्या आसपास वाफ धरणं बंद करतं. गॅसच्या जोडणीची तपासणी दर दोन वर्षांनी करावी लागते, आणि जून २०२५ पासून ती सक्तीची आहे. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती आतल्या उबेत ठेवा. सोलरवर डिसेंबरात विसंबू नका, दिवस आठ तासांचा आणि तोही ढगाळ. डिझेल नोव्हेंबरच्या मध्यापासून पंपावर हिवाळी मिळतं. ऑक्टोबरात भरलेली टाकी तशीच ठेवलीत तर कडक थंडीत त्यात मेण धरतं.

पैसे वाचतात का? खोली, कॅम्पिंग, डिझेल, विमा, आणि दुरुस्तीचे वर्षाला दोनेक हजार युरो धरले तर लहान शहरातल्या दोन खोल्यांच्या घरापेक्षा आमचं थोडंच वाचतं. केवळ बचतीसाठी येत असाल तर इतरांसोबत वाटून घेतलेल्या घरातली एक खोली स्वस्त पडेल.

पोर्तुगालात हिवाळा काढायचा तुमचा बेतही जरा आवरा. जर्मनीच्या परवान्यावर इतर शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसाच्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि तिथून काम करायचं तर कर आणि सामाजिक विम्याचा प्रश्न येतो. तुमच्या कंपनीची लेखी परवानगी नसेल तर लॅपटॉप उघडू नका.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. तुमच्या निरोपात इंजिन, सोलर, भाडं यांवर दोन पानं आहेत. पत्नीबद्दल एकच ओळ आहे: तिची काही हरकत नाही. माझीही नव्हती. पहिल्या डिसेंबरात हे सकाळी सातला अंधारात जायचे आणि संध्याकाळी सहाला अंधारात यायचे. मधले अकरा तास मी सहा मीटर लांबीच्या पत्र्यात होते. उभं राहिलं की एका हाताला शेगडी, दुसऱ्या हाताला दार. बाहेर शब्द कळत नव्हते. सांगलीला आईला फोन केला की ती विचारायची, जेवलीस का, आणि मी हो म्हणून ठेवून द्यायची. ह्यांना वाटायचं मी गाडीत निवांत आहे. मी सांगितलं नाही, ही माझी चूक. त्यांनी विचारलं नाही, ही त्यांची.

शहरातल्या वाचनालयाने मला वाचवलं. कार्ड काढलं, रोज खिडकीजवळची तीच खुर्ची, मग तिथूनच भाषेचा वर्ग कळला, आणि आता मी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात काम करते. तुम्ही ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या निवास परवान्यावर, येत असाल तर तुमच्या पत्नीला यायच्या आधी जर्मनची परीक्षा लागत नाही, आणि आल्यावर कुठलीही नोकरी करता येते. तरी त्या चार महिन्यांत सांगलीत किंवा ऑनलाइन ए १, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, करून घ्या. त्यांचा वर्ग, त्यांचं वाचनालय, त्यांची बस या गोष्टी आधी ठरवा, आणि गाडी कुठे उभी करायची ते त्यावरून ठरवा. आमच्याकडे उलट झालं होतं. एकमेकांपासून दूर बसायला दुसरी खोली नसते, म्हणून आम्ही एक रीत पाडली आहे: राग आला की जो रागावलाय त्याने बाहेर चक्कर मारायची आणि दुसऱ्याने चहा टाकायचा. पाच हिवाळे ती चालली आहे.

कागदांचं एक. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या गावभागात पुराचं पाणी चढलं तेव्हा मी इथे फोनवर होते. आईने आधी कागदांची पिशवी माळ्यावर नेली, मग दागिने. पासपोर्ट, परवाना, लग्नाचा दाखला आणि त्याचं भाषांतर आम्ही गाडीत ठेवत नाही. ते खोलीवर कुलपात असतं, आणि त्याच्या प्रती सांगलीला आईकडे.

गाडी घ्यायच्या आधी नोव्हेंबरात दोन आठवडे भाड्याची व्हॅन घेऊन राहून बघा, दोघांनी, नोकरी चालू ठेवून. उन्हाळ्यात सगळ्यांनाच जमतं. त्यानंतरही मन झालं तर मला कळवा, गाडी बघायला ह्यांना घेऊन मी श्टुटगार्टला येईन. येताना तीन लिटरचा कुकर आणा, त्याहून मोठा शेगडीवर मावत नाही, आणि त्याच्या चार-पाच रिंगा आणा. त्या मापाच्या इथे सहजी मिळत नाहीत.