चेंडू आखूड पडू लागला, म्हणून गोल्फ सोडावा का?

प्रश्न : लष्करातून निवृत्त होऊन मी साताऱ्यात स्थायिक झालो आहे. वय ६९ वर्षे. नोकरीत लागलेली गोल्फची आवड टिकून आहे व मित्रांसह अधूनमधून पुण्याला जाऊन खेळतो. परंतु पूर्वीच्या मानाने चेंडू फार आखूड पडतो आणि सुरुवातीचे दोन-तीन होल (मैदानाचे टप्पे) बिघडले की उरलेला वेळ चिडचिडीत जातो. खेळ थांबवावा का?

उत्तर : थांबवावा असे आपल्या पत्रात मला काहीच आढळले नाही, थांबवायची आहे ती चाळिशीतल्या स्वतःशी चाललेली स्पर्धा. वयानुसार खांद्यांची व कमरेची लवचिकता घटते, स्विंगचा वेग उतरतो आणि अधिक जोर लावल्याने अंतर न वाढता पाठ मात्र धरते. त्यापेक्षा पुढच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या अधिक जवळच्या जागेवरून, खेळावे. निवृत्त अधिकाऱ्यांना हा सल्ला रुचत नाही, याची मला कल्पना आहे. पण हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीचा, हिशेब टीनुसार बदलत असल्याने मागच्या टीवरून खेळणाऱ्या मित्रांशी आपली लढत बरोबरीचीच राहते.

चिडचिडीचे मूळ मात्र गुण मोजण्याच्या पद्धतीत आहे. केवळ फटके मोजले, तर एका होलवरचे नऊ फटके शेवटपर्यंत मानेवर बसतात. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी १९३२ मध्ये इंग्लंडमधील वॉलसी येथे रूढ केलेल्या पद्धतीत प्रत्येक होलचा हिशेब त्याच होलवर मिटतो : हँडिकॅपची सवलत धरून पारला (त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांना) दोन गुण, बोगीला (पारहून एक फटका जास्त) एक आणि त्याहून अधिक फटके झाल्यास शून्य. शून्य अटळ दिसले की चेंडू उचलून खिशात टाकावा आणि गप्पा मारत पुढच्या टीकडे निघावे.

शिवाय पार ७२ च्या मैदानावर निम्मे, म्हणजे ३६ फटके पटिंगसाठी, म्हणजे चेंडू हलकेच घरंगळत खळग्यात घालण्यासाठीच, गृहीत धरलेले असतात, आणि तेथे दंडातली ताकद उपयोगाची नसते. सव्वाचार इंच व्यासाचा तो खळगा तरुणांसाठीही तेवढाच असतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात घराबाहेर पडणे नको वाटते, तेव्हा गालिच्यावर पाण्याचा पेला आडवा ठेवून रोज थोडा वेळ पटिंग करावे. राहिला प्रश्न थकव्याचा. पुण्यापर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर प्रवास करून पुन्हा अठरा होल चालण्याचा अट्टाहास नसावा. हँडिकॅपसाठी नऊ होलचे गुणही ग्राह्य धरले जातात.