‘५० लाख चक्रांची चाचणी’ म्हणजे किती वर्षांची हमी?

आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी मिळालेल्या माहितीपत्रकावर ‘५० लाख चक्रांची चाचणी पूर्ण’ असे छापले आहे, ती हमी समजायची का, असे तुम्ही विचारले आहे. मी कृत्रिम सांध्यांच्या झीज-चाचणीचे काम बरीच वर्षे केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. हमी समजू नका. पण तो आकडा पोकळही नाही.

एक चक्र म्हणजे कृत्रिम सांधा बसवलेल्या पायाचे एक पाऊल. वर्षाला एका पायाची साधारण १० लाख पावले धरतात, म्हणजे ही ढोबळमानाने पाच वर्षांची चाल झाली. चाचणीत सांधा एका यंत्रात बसवून चालवतात; हे यंत्र सेकंदाला एक पाऊल टाकते. अखंड चालले तरी ५८ दिवस लागतात, आणि अखंड ते कधीच चालत नाही. आयएसओ १४२४३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्रत्येक पावलात सांध्यावर २६०० न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे २६५ किलो वजनाइतका भार येतो. सांधा ३७ अंश तापमानाच्या, वासराच्या पातळ केलेल्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या द्रवात, बुडलेला असतो. कृत्रिम गुडघ्यात धातू प्लास्टिकवर घासतो. साधे पाणी चालत नाही, कारण पाण्यात प्लास्टिकचा थर धातूवर चिकटतो आणि झीज शरीरातल्यासारखी होत नाही.

खरी कसोटी वजन करताना लागते. १० लाख चक्रांत प्लास्टिकची झीज काही मिलिग्रॅमच असते, पण तेच प्लास्टिक द्रव शोषून जडही होते. नुसते तराजूवर ठेवले तर झिजलेला तुकडा वाढलेला दिसू शकतो! म्हणून जोडीला तसाच दुसरा तुकडा त्याच सीरममध्ये ठेवतात. त्याच्यावर भार येतो, पण घर्षण होत नाही. त्याने शोषलेला द्रव हिशेबात धरला की खरी झीज कळते. एखाद्या कंपनीच्या अहवालात या तुकड्याचा उल्लेख नसेल, तर मी तो अहवाल बाजूला ठेवतो.

इतका खटाटोप कशासाठी, याचे उत्तर इंग्लंडच्या रायटिंग्टन रुग्णालयात आहे. तिथले सर्जन जॉन चार्न्ली यांनी कृत्रिम खुब्याच्या वाटीसाठी आधी टेफ्लॉन वापरले. ते रुग्णांच्या शरीरात काही वर्षांतच झिजले, कणांमुळे भोवतालच्या ऊतींना इजा झाली आणि सांधे काढावे लागले. १९६२ साली त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी पॉलिइथिलीनचा एक नवा प्रकार आपल्या यंत्रावर लावला. तीन आठवडे रात्रंदिवस चालवूनही टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे तितकेही ते झिजले नाही. त्याच जातीचे प्लास्टिक, पुष्कळ सुधारून, आजही वापरात आहे. क्रेव्हन यांचे नाव शस्त्रक्रियेच्या इतिहासात याहून ठळक असायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

मात्र यंत्रावर सांधा सरळ, नीट बसवलेला असतो. डेप्यू या कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुबा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. वाटी जास्त तिरपी बसली की भार तिच्या काठावर येई आणि झीज झपाट्याने वाढे. नेहमीच्या चाचणीत ही स्थिती येतच नव्हती. काठावरच्या भारासाठी खुब्याच्या मानकात वेगळा भाग आला तो २०१८ मध्ये.

आपल्याकडचा प्रश्न आणखी वेगळा. चालण्याच्या चाचणीत गुडघा ५८ अंशांपर्यंतच वाकतो. उकिडवे बसणे, मांडी घालून जेवणे, जमिनीवरून उठणे यांतले काहीच त्या ५० लाखांत नाही. खूप वाकलेल्या गुडघ्यासाठी निराळी चाचणी असते. या मॉडेलची ती झाली आहे का, हे कंपनीच्या प्रतिनिधीला स्पष्ट विचारा.

त्याहून महत्त्वाचे, माहितीपत्रकावरचे मॉडेलचे पूर्ण नाव उतरवून घ्या आणि परदेशांतल्या सांधे-नोंदवह्यांच्या वार्षिक अहवालांत शोधा. स्वीडनमध्ये बदललेल्या गुडघ्यांची नोंद १९७५ पासून ठेवली जाते. कोणते मॉडेल किती वर्षांनी बदलावे लागले, ते या अहवालांत दिसते. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून २०१९ मध्ये काढलेला अंदाज असा, की संपूर्ण बदललेले सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात. मॉडेल नवे असेल आणि मागे पाच-दहा वर्षांच्या नोंदी नसतील, तर जुने, नोंदी असलेले मॉडेल का नको, हे सर्जनना जरूर विचारा. आईंना जमिनीवर बसायची सवय असेल तर तेही त्याच भेटीत सांगून टाका.