नोकर सरकारचे, सौदा कुणाशी?

अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांनी संघटना करून सामूहिक सौदा, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींविषयी एकत्रित वाटाघाट, करावा की नाही, या जुन्या वादाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : कारखान्यातील कामगाराने एकजुटीने मालकाशी पगाराचा करार केला तर तो हक्क, आणि सरकारी शाळेतील शिक्षकाने तेच केले तर ती अडवणूक, असा भेद अमेरिकेत कशाच्या आधारावर केला गेला? (राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी)

उत्तर : हा भेद कायद्यातच होता. खासगी उद्योगातील कामगारांना संघटनेचा आणि सामूहिक सौद्याचा हक्क देणारा १९३५ चा वॅग्नर कायदा सरकारला ‘मालक’ या व्याख्येतून वगळतो. हा कायदा ज्यांच्या कारकिर्दीत झाला, त्या राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३७ साली केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात आपली भूमिका स्पष्ट केली होती. कर्मचाऱ्यांनी संघटित व्हावे, आपली गाऱ्हाणी मांडावीत, हे त्यांना मान्य होते. परंतु सामूहिक सौद्याची रूढ पद्धत सरकारी सेवेत जशीच्या तशी आणता येणार नाही, कारण येथे मालक म्हणजे सबंध जनता असून ती कायदेमंडळातून बोलते, असे त्यांचे म्हणणे होते. कामगारांचा मित्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचे हे शब्द आजही संघटनाविरोधक आवर्जून पुढे करतात. त्याआधी, १९१९ साली, बॉस्टन शहरातील अकराशेहून अधिक पोलिसांनी संप केला, शहरात लुटालूट झाली आणि संपकरी पोलिसांना कायमचे घरी बसवण्यात आले. त्या घटनेची धास्ती पुढची कित्येक दशके लोकांच्या मनात राहिली.

हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. जनता मालक आहे हे खरे. पण शिक्षकाच्या वर्गात किती मुले बसवायची किंवा सफाई कामगाराला हातमोजे द्यायचे की नाही, हे जनता ठरवत नाही, एखादा खातेप्रमुख ठरवतो. त्या खातेप्रमुखासमोर एकटा उभा असलेला कर्मचारी खासगी कामगाराइतकाच दुबळा असतो. मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन सफाई कामगार त्या गाडीच्या दाबयंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे तेराशे कृष्णवर्णीय कामगार संपावर गेले, तेव्हा महापौरांनी सरकारी नोकराचा संप बेकायदेशीर आहे असे सांगून त्यांच्या संघटनेला मान्यता नाकारली. कामगारांच्या हातांतील फलकांवर ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिलेले होते. त्यांना पाठिंबा देण्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिलला त्याच शहरात हत्या झाली, आणि त्यानंतर बारा दिवसांनी महापालिकेने संघटनेला मान्यता व पगारवाढ दिली. सार्वभौम जनतेचे नाव घेऊन त्या कामगारांना जे नाकारले जात होते, त्याचा सार्वभौमत्वाशी काय संबंध होता, हे मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही.

प्रश्न : विस्कॉन्सिन राज्याने २०११ साली कर्मचाऱ्यांकडून निवृत्तिवेतन आणि आरोग्यविम्यासाठी थोडा वाटा घेतला, एवढ्यावरून इतका गदारोळ का झाला? खासगी नोकरीतले लोक हा वाटा देतातच. (एक निवृत्त लेखापाल)

उत्तर : आपल्या प्रश्नातच तो गैरसमज आहे, जो त्या वेळी अनेकांचा झाला होता. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

विस्कॉन्सिनचे या इतिहासात खास स्थान आहे. देशभरातील राज्य, जिल्हा आणि महापालिका कर्मचाऱ्यांची सर्वांत मोठी संघटना, जी आफ्स्मी या संक्षिप्त नावाने ओळखली जाते, तिचे मूळ १९३२ साली याच राज्याच्या राजधानीत, मॅडिसनमध्ये रुजले. आणि स्थानिक संस्थांतील कर्मचाऱ्यांना सामूहिक सौद्याचा हक्क देणारा देशातील पहिला राज्य कायदाही १९५९ साली येथेच झाला. केंद्रीय कर्मचाऱ्यांना मर्यादित स्वरूपात हा हक्क देणारा राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा आदेश त्यानंतर, १९६२ साली निघाला.

अशा राज्यात फेब्रुवारी २०११ मध्ये नवे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी अंदाजपत्रकातील तूट भरून काढण्याच्या निमित्ताने एक विधेयक आणले. कर्मचाऱ्याने निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचा निम्मा आणि विम्याच्या हप्त्याचा किमान १२.६ टक्के भार उचलावा, हा त्यातील एक भाग होता. या तरतुदींमुळे कुटुंबांच्या हाती येणारा पगार बराच घटणार होता, तरीही सौद्याचा हक्क शाबूत ठेवत असाल तर हे दोन्ही भार आम्ही स्वीकारतो, असे मोठ्या संघटनांच्या नेत्यांनी जाहीरपणे सांगितले. सरकारने ते नाकारले. पैशाचा प्रश्न तेथेच सुटू शकला असता, म्हणून पुढचे भांडण पैशाचे नव्हते, असे मी मानतो.

दुसरा भाग असा होता. संघटनेने फक्त मूळ वेतनावर बोलायचे; कामाचे तास, सुरक्षितता, वर्गातील मुलांची संख्या, बदल्या, तक्रार निवारण यांपैकी कशावरही करार करता येणार नाही. मूळ वेतनातील वाढही महागाई निर्देशांकापेक्षा जास्त हवी असेल तर सार्वमत घ्यावे लागेल. करार एका वर्षाचाच असेल. पगारातून संघटनेची वर्गणी कापून देणे बंद होईल. आणि संघटनेला दर वर्षी मतदान घेऊन आपली मान्यता पुन्हा मिळवावी लागेल, त्यातही मतदान करणाऱ्यांच्या नव्हे तर त्या गटातील एकूण कर्मचाऱ्यांच्या ५१ टक्के मते पडली पाहिजेत. याचा अर्थ जो त्या दिवशी आजारी होता किंवा ज्याने मत दिलेच नाही, त्याचे मत संघटनेच्या विरोधात मोजले जाते. हीच फूटपट्टी लावली तर किती आमदार निवडून येतील, याचा विचार लेखापाल म्हणून आपणच करून पाहावा.

हजारो लोक आठवडेच्या आठवडे विधानभवनात ठाण मांडून बसले. आर्थिक विधेयकासाठी लागणारी गणसंख्या पूर्ण होऊ नये म्हणून विरोधी पक्षाचे चौदा सिनेटर शेजारच्या इलिनॉय राज्यात निघून गेले. तेव्हा बहुमतवाल्यांनी खर्चासंबंधीच्या तरतुदी बाजूला काढून उरलेले विधेयक त्यांच्या गैरहजेरीत संमत केले आणि ११ मार्चला त्याचा कायदा झाला. तो ‘अॅक्ट १०’ म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी ओहायो राज्यातही तसाच कायदा झाला होता. तो मात्र नोव्हेंबरमधील सार्वमतात साठ टक्क्यांहून अधिक मतांनी रद्द झाला. विस्कॉन्सिनमध्ये वॉकर यांना मुदतीआधीच पदावरून परत बोलावण्यासाठी जून २०१२ मध्ये निवडणूक घेतली गेली आणि ती तेच जिंकले. लोकांचा कौल एका बाजूचा होता असे म्हणणे म्हणूनच दोन्ही पक्षांना शक्य नाही.

प्रश्न : जो सभासदच नाही, त्याच्या पगारातून संघटनेने पैसे घेणे अन्यायाचे नव्हते काय? (एक सरकारी कर्मचारी)

उत्तर : पूर्ण वर्गणी घेतली जात नसे. करार झाला की त्याचा लाभ सभासद नसलेल्यालाही मिळतो आणि कायद्याने संघटनेला त्याचेही प्रतिनिधित्व करावे लागते, म्हणून सौद्याच्या खर्चापुरता वाटा घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या अबूड खटल्यात परवानगी दिली होती. राजकीय कामासाठीचा पैसा मात्र सक्तीने घेता येत नसे. जून २०१८ मध्ये जेनस खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवण्यात आला. सरकारशी केलेला प्रत्येक सौदा हे सार्वजनिक धोरणावरचे भाष्यच असते, म्हणून त्यासाठी सक्तीने पैसे घेणे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असे बहुमताने म्हटले. तर्क म्हणून त्यात वजन आहे. पण मग सभासद नसलेल्याचे प्रतिनिधित्व करण्याचे ओझेही त्याच निकालाने उतरवायला हवे होते. एकाच्या विवेकाची किंमत दुसऱ्याच्या वर्गणीतून भरली जाणे मला रास्त वाटत नाही.

प्रश्न : संप करता येत नसेल, तर सौद्याला अर्थ काय उरतो? (एक शिक्षिका)

उत्तर : केंद्रीय कर्मचाऱ्यांना आणि बहुतेक राज्यांतील कर्मचाऱ्यांना अमेरिकेत संपाची मनाई आहे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांनी ती झुगारली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रीगन यांनी अवघ्या दोन दिवसांत अकरा हजारांहून अधिक नियंत्रकांना बडतर्फ केले. न्यूयॉर्कच्या १९६७ च्या टेलर कायद्यानुसार संपाच्या प्रत्येक दिवसामागे दोन दिवसांचा पगार कापला जातो. मात्र त्याच कायद्याने सरकारलाही वाटाघाटींना बसणे बंधनकारक केले आणि बोलणी फिसकटल्यास मध्यस्थाची सोय ठेवली. पोलीस व अग्निशमन दलासाठी पुढे लवादाची तरतूद आली. संपाचे हत्यार काढून घ्यायचे असेल तर त्या जागी त्रयस्थाचा निवाडा दिलाच पाहिजे. दोन्ही नाकारल्यावर जे उरते, ते निवेदन असते, सौदा नसतो.

प्रश्न : संघटना निवडणुकीत एखाद्या उमेदवाराला पैसा आणि कार्यकर्ते पुरवते, तो निवडून येतो आणि मग तोच तिच्याशी करार करायला बसतो. करदात्याच्या बाजूने त्या खोलीत कोण असते? (एक लघुउद्योजक)

उत्तर : संघटनांच्या विरोधातील हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो टाळून मी संघटनांची बाजू घेऊ इच्छित नाही. खासगी कारखान्यात मालकाने अवाच्या सवा पगार कबूल केला तर माल महाग होतो, गिऱ्हाईक जाते, आणि दोन्ही बाजू आपोआप ताळ्यावर येतात. सरकारचे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही. त्यातून आजचा नेता आज पगारवाढ देण्याऐवजी तीस वर्षांनी द्यायचे निवृत्तिवेतन वाढवून देतो, कारण ते बिल भरायला तो खुर्चीवर नसतो.

तरीही निवृत्तिवेतनाच्या खड्ड्याचे खापर केवळ सौद्यावर फोडता येत नाही. इलिनॉय आणि न्यू जर्सी या राज्यांतील निधी रिता होण्यामागचे मोठे कारण हे की, सरकारांनी स्वतःच्या वाट्याची रक्कम वर्षानुवर्षे भरलीच नाही. न्यू जर्सीने कर्जरोखे विकताना ही स्थिती गुंतवणूकदारांपासून लपवल्याचा ठपका २०१० साली केंद्रीय रोखे आयोगाने ठेवला. याउलट ज्या विस्कॉन्सिनमध्ये संघटनांवर घाव घातला गेला, तेथील निवृत्तिवेतन निधी देशातील सर्वांत सुस्थितीतल्या निधींपैकी एक होता.

माझी खरी तक्रार दुसरीकडे आहे. पोलीस संघटनांच्या अनेक करारांत चौकशीची पद्धत, जुन्या शिक्षांच्या नोंदी नष्ट करण्याची मुदत, बडतर्फीविरुद्ध लवादाकडे जाण्याची वाट, अशी कलमे असतात. पगार हा कर्मचारी आणि सरकार यांच्यातला विषय आहे. पण बंदूक बाळगणाऱ्या माणसाने नागरिकावर हात उचलला तर काय व्हावे, हा त्या दोघांमधला विषय नाही, त्यात तो नागरिक तिसरा पक्ष आहे. २०२० साली मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यावर या कलमांकडे देशाचे लक्ष गेले. आणि अॅक्ट १० ने शिक्षक, परिचारिका, लिपिक यांचे हात बांधताना पोलीस आणि अग्निशमन दलाला मात्र वगळले होते. सौद्यामुळे जनतेचे नुकसान होते ही जर खरी चिंता असती, तर जेथे नुकसान जिवावर बेतू शकते तेथून सुरुवात झाली असती. हाच भेद राज्यघटनेच्या विरुद्ध आहे असे सांगत विस्कॉन्सिनमधील डेन काउंटीच्या न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये या कायद्याचा मोठा भाग रद्द ठरवला. त्याविरुद्ध अपील दाखल झाले.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, खोलीत करदाता नसेल तर खोलीचे दार उघडावे; संघटनेला खोलीबाहेर काढून करदाता आत येत नाही, खातेप्रमुख तेवढा एकटा उरतो. फ्लोरिडा राज्यात हे फार पूर्वीपासून घडत आले आहे. तेथील १९६८ च्या राज्यघटनेने सामूहिक सौद्याचा हक्क दिला, सरकारी नोकरांना संपाची मनाई केली, आणि तेथील कायद्यानुसार सरकार व संघटना यांच्यातील बोलणी लोकांसमोर करावी लागतात. कोणीही नागरिक जाऊन ऐकू शकतो. त्याच फ्लोरिडाने २०२३ साली नवा कायदा करून वर्गणीची पगारकपात बंद केली आणि साठ टक्के कर्मचारी वर्गणी भरत नसतील तर त्या संघटनेने मान्यता पुन्हा मिळवावी, असे ठरवले. त्यातूनही पोलीस, तुरुंग कर्मचारी आणि अग्निशमन दल वगळलेले आहेत.