ताइहे दालन बघताना घाई नको

बीजिंगच्या निषिद्ध नगरीचं, म्हणजे चिनी सम्राटांच्या जुन्या राजवाड्याचं, तिकीट पासपोर्टवर आधीच ऑनलाइन काढून ठेवा. सोमवारी सहसा बंद असते. प्रवेश दक्षिणेच्या वू दरवाजातूनच.

ताइहे दालनात, म्हणजे सिंहासनाच्या मुख्य दालनात, आत सोडत नाहीत, सिंहासन दारातूनच बघायचं. तिथे एवढी रेटारेटी असते की मी तरी दोन मिनिटांत बाजूला होते. खरी मजा बाहेर आहे. मान वर करून छपराचा कोपरा बघा: तिथे ओळीने बसलेले छोटे प्राणी मोजा, दहा भरतील. इमारतीचा मान जितका मोठा, तितके प्राणी जास्त, आणि दहा फक्त इथेच. आजची इमारत १६९५ ते १६९७ मधली. आधीची आगीत गेली होती. म्हणूनच आवारात पाण्याचे ते प्रचंड रांजण. त्यांतल्या सोनेरी मुलाम्याच्या रांजणांवर ओरखडे दिसतील, सोनं खरवडून नेल्याचे.

पुढे बाओहे दालनाच्या मागे जाऊन एकाच दगडातला कोरीव उतार बघाच, बहुतेक लोक चुकवतात. दोनशे टनांहून जड शिळा, हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ करून ओढत आणलेली!

उत्तर दरवाजाने बाहेर पडलात की समोरच जिंगशान टेकडी. पायांत बळ राहू द्या, वरून सगळी पिवळी छपरं एकदम दिसतात.