'सरद' पिकाचा 'सर्द'शी काडीचाही संबंध नाही

प्रश्न असा आला आहे : गोव्यातल्या भातशेतीच्या बातम्यांत 'सरदाचे पीक' असे वाचायला मिळते. हा सरद फारसी 'सर्द'वरून आलेला, म्हणजे 'ओलाव्याचे पीक', असे समजावे का? सरळ खरीप म्हटले तर काय बिघडते? आणि वायंगण म्हणजे काय?

पहिल्याचे उत्तर : नाही, मुळीच नाही. हल्ली निवेदक चक्क 'सर्द शेती' म्हणू लागले आहेत, ते ऐकवत नाही. सर्द म्हणजे थंड, त्यावरून दमट. 'भिंत सरदली' म्हणतो तो हा शब्द. ज्या मुलखात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरी तालुक्यात त्याहूनही जास्त, तिथे आषाढात गुडघाभर पाण्यात लावणी करणारा माणूस आपल्या पिकाला 'दमट' म्हणेल?

सरद म्हणजे शरद. शर्करेची साखर झाली, शुष्काचे सुके झाले, तसा शरदाचा सरद. पेरणी मृगाची, पण नाव मिळाले ते पीक ज्या ऋतूत पिकते त्याचे. ही रीत फार जुनी आहे. 'कालात् साधुपुष्प्यत्पच्यमानेषु' या पाणिनीच्या सूत्रावर (४.३.४३) काशिका या जुन्या टीकेत उदाहरण आहे 'शारदाः शालयः', शरदात पिकतात ती भाते. गोव्याचा शेतकरी आजही तेच बोलतो. आणि खरी गंमत पुढे आहे : अरबीत 'खरीफ' म्हणजे शरद ऋतूच! 'रबी' म्हणजे वसंत. पेरणीवरून नव्हे, कापणीवरून नाव. सारा भरायचा तो कापणीनंतरच ना. म्हणून खरीप म्हटल्याने अर्थ बदलत नाही, पण घरात शरद असताना तोच ऋतू अरबीतून कशाला आणायचा?

असाही एक पक्ष आहे की सरद हा पोर्तुगीज 'सेरोदियो'वरून आला. त्या शब्दाचा अर्थ 'उशिरा येणारे'. वर्षातले पहिले आणि मुख्य पीक उशिराचे कसे? उशिराचे म्हणायचेच तर ते पावसानंतरच्या वायंगणाला म्हणा. शिवाय १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाने फोरालात, म्हणजे सनदेत, गावकारीचे (गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या ग्रामसंस्थेचे) रिवाज लिहून काढले, ते आधीपासून चालत आले होते म्हणूनच. शेतीची अशी बांधलेली घडी असलेल्या लोकांना आपल्या पिकाच्या नावासाठी परक्यांची वाट पाहावी लागली, हे मला पटत नाही. ध्वनी जुळला की व्युत्पत्ती झाली, ही सवय आता सोडावी.

प्राकृतात शरदाचा 'सरअ' होतो, मग इथे 'द' कसा टिकला, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. माझे मत असे : गावकारीचा हिशेब कुळकर्णी लिहीत. कुठले शेत सरदाचे, कुठले वायंगणाचे, हे वहीत दर वर्षी उतरायचे. लिहिणाऱ्याला ऋतूचे संस्कृत नाव ठाऊक होते, म्हणून 'द' गळला नाही. बोलीत झिजणारा शब्द वहीत टिकतो.

दुसरा आक्षेप : राय गावात कणसांचे फेस्त ५ ऑगस्टला होते, ताळगावात २१ ऑगस्टला, हिंदूंचे नवें, म्हणजे नव्या कणसांची पूजा, चतुर्थीच्या दिवसांत, मग शरद कसला? ती पहिली कणसे, देवाच्या मानाची. शेत कापायला उतरतात तो आश्विन.

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांत, तर बहुतेक ठिकाणी सरद हेच एकमेव भात. मांडवी-जुवारीच्या भरतीचे पाणी बांध आणि मानस (बांधातली पाण्याची झडप) अडवतात, तरी उन्हाळ्यात जमिनीवर मीठ येते. पहिले पाऊस ते धुऊन नेतात आणि मगच कोरगूट पेरता येतो, आसगो पेरता येतो. खारे सोसणारी ही भाते. पावसाने दिले ते एकदाच, आणि त्याचा हिशेब शरदात. अशा जमिनीला 'सर्द' म्हणणाऱ्याने खाजनात उतरून पाहावे.

वायंगण राहिलेच. पाऊस सरल्यावर तळ्याच्या, झऱ्याच्या किंवा आता कालव्याच्या गोड्या पाण्यावर घेतले जाणारे भात ते वायंगण. सिंधुदुर्गात वायंगणी नावाची गावे आहेत. लिहिताना 'सरद' पूर्ण लिहावे, 'र'चा रफार करू नये.